शाश्वत विकास, जगाची मदत आणि आपला वाटा

(विहाराच्या वर्धापनदिनी कळस येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला आहे, ‘शाश्वत विकासासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य’. विषय ऐकून काहीजण म्हणाले, हा तर कॉलेजातल्या प्रोफेसरांचा विषय. गिरणीत पाळीवर काम करणाऱ्या माणसानं यावर काय बोलावं? मी म्हटलं, यावर आपणच बोललं पाहिजे. ज्याच्या घरचा हंडा रिकामा, त्याचाच हा प्रश्न आहे. शब्द मोठे आहेत म्हणून प्रश्न दुसऱ्याचा होत नाही.

आधी ‘शाश्वत’ म्हणजे काय ते बघू. शाश्वत म्हणजे टिकणारं. आपल्या आया-आज्या दुष्काळात अर्धपोटी राहिल्या, पण बियाण्याची ज्वारी त्यांनी जात्यावर घेतली नाही. का? आज बियाणं खाल्लं तर पुढच्या साली पेरायचं काय? हाच शाश्वत विकास. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगानं जगासमोर हेच मांडलं. नॉर्वेच्या पंतप्रधान श्रीमती ब्रुंटलँड त्या आयोगाच्या अध्यक्षा होत्या. आजच्या पिढीनं आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीच्या ताटातलं ओढू नये, असं त्यांच्या व्याख्येचं सार आहे. ही व्याख्या सगळे सांगतात. पण त्याच अहवालात लगेच पुढं म्हटलंय की, गरजा म्हणजे मुख्यतः गरिबांच्या गरजा आणि त्यांना सर्वांत वरचा अग्रक्रम दिला पाहिजे. हा दुसरा भाग भाषणात फारसा कुणी सांगत नाही. तो आपण पाठ केला पाहिजे.

आता दुसरा शब्द, ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’. एक देश दुसऱ्या देशाला मदत करतो ती का? धर्म म्हणून करतो का? काही वेळा तसं असतं. पण खरं कारण असं की, पाणी, हवा आणि पाऊस यांना सरहद्द कळत नाही. आपल्याच तालुक्याचं बघा. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. पुणे शहराचं सांडपाणी मुळा-मुठेत जातं, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि पुढं सोलापूर करून कर्नाटकात कृष्णेला जाऊन मिळते. वरच्यानं घाण केली की खालच्यानं ती प्यायची. वरच्यानं अडवलं की खालच्यानं कोरडं राहायचं. मग वरचा आणि खालचा यांनी एकत्र बसून ठरवण्यावाचून गत्यंतर आहे का?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण काय सांगितलं आहे, ते इथं बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्ये रोहिणी नदी होती. दोघेही तिच्यावर शेती भिजवत. पाण्यावरून भांडण झालं आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थानं त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंची माणसं नेमून चौकशी करावी, तंटा बोलण्यानं मिटवावा, असं त्याचं म्हणणं होतं. आज ज्याला आपण आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो, त्याचं मूळ या विचारात आहे.

आता मुद्द्यावर येतो. बाहेरच्या जगाची मदत आपल्या भागात कशी आली? मी तिचे तीन प्रकार करतो. एक धान्याची मदत, दुसरी ज्ञानाची मदत आणि तिसरी करार करून आलेल्या पैशाची मदत.

पहिली, धान्याची. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. त्या दुष्काळाचं नाव निघालं की मिलो आणि सुकडीची आठवण निघतेच. मिलो म्हणजे अमेरिकेतली तांबडी ज्वारी. १९५४ साली अमेरिकेनं पी. एल. ४८० नावाचा कायदा केला आणि आपल्याकडचं जादा धान्य परदेशी पाठवायला सुरुवात केली. त्यानं जीव जगले, हे नाकारायचं नाही. पण दुसऱ्याच्या बोटीकडं डोळे लावून बसलेला देश मान वर करून बोलू शकत नाही, हेही त्याच काळात देशाला कळलं.

याच धान्यातून बारामती भागात एक वेगळी गोष्ट घडली. १९६० नंतरच्या दशकात ‘कासा’ या चर्चच्या मदतसंस्थेकडून कामाच्या बदल्यात धान्य आलं आणि त्या धान्यावर जिरायत भागात पाझर तलाव बांधले गेले. पुढं १९७१ साली बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं, त्याची पार्श्वभूमी हीच. यातून शिकायचं काय? धान्य नुसतं वाटलं असतं तर खाऊन संपलं असतं. धान्याच्या बदल्यात तलाव झाला, तो मागं राहिला. मदत चांगली की वाईट, हे ओळखायची माझी कसोटी हीच आहे. मदत देणारा निघून गेल्यावर गावात काय उरतं?

त्याच दुष्काळात महाराष्ट्रानं स्वतःच्या डोक्यानं रोजगार हमी योजना काढली. वि. स. पागे यांचं नाव त्यासाठी घ्यावं लागतं. १९७७ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ साली देशाचा. म्हणजे आपण जगाकडून फक्त घेतलं असं नाही, जगानं अभ्यास करावा असं काही दिलंही. खडी फोडणाऱ्या आपल्या मायबापांच्या घामाचं त्यात मोठं देणं आहे.

दुसरी मदत ज्ञानाची. इथं बाबासाहेबांचं एक काम सांगतो, ते जयंतीच्या भाषणात क्वचितच येतं. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडं होती. १९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. दर पुराला बांध घालत बसण्यापेक्षा सबंध खोऱ्याचा एकदम विचार करावा, पूर, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र धरावी, ही दिशा त्या वेळी ठरली. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी असंच एक प्राधिकरण झालं होतं. तिथले अनुभवी इंजिनिअर वूर्डविन यांना हिंदुस्थानात आणलं गेलं आणि त्यांनी दामोदरचा प्राथमिक आराखडा दिला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच वाढला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

बघा, ज्या समाजाला तळ्यावर पाणी पिऊ दिलं नाही, त्या समाजाच्या माणसानं देशाच्या पाण्याचा विचार केला. आणि अमेरिकेचं ज्ञान घ्यायला त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्ञान कुठलंही असो, घ्यावं, पण आपल्या गरजेला लावून घ्यावं. मात्र पुढं झालेल्या मोठ्या धरणांनी लाखो माणसांना विस्थापित केलं, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडं उजनीनं गावं उठली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्या खाली गेलं, तेव्हा पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर लोकांनी जाऊन पाहिलं. उठलेल्या गावांचा हिशेब धरणाच्या हिशेबातच धरला पाहिजे, नाहीतर विकास एकाचा आणि उन्हाळा दुसऱ्याचा.

तिसरी मदत, करार करून आलेला पैसा. याची दोन उदाहरणं देतो.

एक पुण्याचं. मुळा-मुठा शुद्ध करण्यासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेशी २०१६ च्या जानेवारीत कर्जाचा करार झाला. सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प आणि सांडपाणी शुद्धीकरणाची ११ केंद्रं. कर्ज अगदी थोड्या व्याजाचं आहे, पण आहे कर्जच. करार झाला, तरी काम वर्षानुवर्षे रेंगाळलं. पैसा परक्याचा आला म्हणून काम आपोआप होत नाही. आणि हा प्रकल्प पुण्याचा म्हणून आपण गप्प बसायचं का? ते पाणी उजनीत येतं. म्हणून त्याचा जाब विचारण्याचा पहिला हक्क इंदापूरकरांचा आहे.

दुसरं उदाहरण पाणलोटाचं. हर्मन बाखर नावाचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि नगर भागात त्यांनी सारं आयुष्य घालवलं. त्यांच्या प्रयत्नातून भारत आणि जर्मनी या दोन सरकारांचा पाणलोट विकास कार्यक्रम १९९२ च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झाला. जर्मनीकडून पैसा यायचा, इकडं नाबार्डमार्फत तो गावाला पोहोचायचा आणि गावकऱ्यांना शिकवून तयार करण्यासाठी १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था निघाली. काम कसं? माथ्यापासून पायथ्यापर्यंत. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग शेताला बांधबंदिस्ती, मग नाल्यावर बांध. पळतं पाणी चालतं करायचं, चालतं थांबवायचं आणि थांबलेलं मुरवायचं.

पण या कार्यक्रमात पैशापेक्षा अटी मोठ्या होत्या. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं. गावची पाणलोट समिती निवडायची. हिशेब त्या समितीनं ठेवायचा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळायची. कामाच्या मजुरीतला काही हिस्सा गावानं श्रमदानातून भरायचा. म्हणजे हे भिकेचं काम नव्हतं, भागीदारीचं होतं.

संगमनेर तालुक्यात दरेवाडी नावाचं गाव आहे. पाऊस कमी, वस्ती ठाकर आदिवासी आणि मेंढपाळ यांची. तिथं १९९६ ते २००१ हे काम झालं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँक यांच्यासह निघालेल्या २००५ च्या एका जागतिक अहवालात या दरेवाडीचं सबंध प्रकरण आहे. आधी गावात वर्षाला तीन-चार महिनेच शेतीचं काम मिळायचं, ते नऊ-दहा महिने मिळू लागलं. पाणी असलेल्या विहिरी २३ होत्या, त्या ६३ झाल्या. मजुरीचा दर २०-३० रुपयांवरून ४०-५० रुपयांवर गेला. टँकर थांबला. या अनुभवावरून पुढं केंद्र सरकार आणि नाबार्ड यांनी प्रत्येकी १०० कोटी घालून २०० कोटींचा पाणलोट विकास निधी उभा केला. मदत संपली, काम देशाचं झालं. माझ्या कसोटीला हे काम उतरतं.

इथंच थांबलो तर टाळ्या पडतील. पण मला टाळ्या नकोत, विचार हवा आहे. त्या कामातून लाभ सगळ्यांना सारखा झाला का? नाही. पाणी मुरलं ते विहिरीत उतरलं आणि विहीर ज्याची जमीन त्याची. भूमिहीनाला काय मिळालं? मजुरी मिळाली, जास्त दिवस मिळाली, हे खरं. पण चराईबंदी झाली, तेव्हा दोन शेळ्या सांभाळणाऱ्या बाईनं शेळ्या न्यायच्या कुठं? शेळी ही तिची बँक. मुलीच्या पुस्तकाला, दवाखान्याला ती शेळीच मोडते. गावाच्या भल्यासाठी तिनं शेळ्या विकायच्या आणि पाण्यात मात्र तिचा वाटा नाही, हा कुठला न्याय?

आपल्यातल्या कितीतरी घरांना जमीन नाही. वतनाच्या जमिनी कुणाच्या हातात कशा गेल्या, हे प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून कुठलीही योजना आली, मग ती दिल्लीची असो की जर्मनीची, आपला पहिला प्रश्न हाच पाहिजे: ज्याला जमीन नाही, त्याचा यात वाटा कोणता?

आणि असा वाटा देता येतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसून आलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम काय होता? पाणी जमिनीच्या एकरावर द्यायचं नाही, घरातल्या माणसांवर द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. खर्चातला पाचवा हिस्सा लोकांनी घालायचा. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. हा नियम कुठल्या परदेशी तज्ज्ञानं सांगितला नाही, दुष्काळानं शिकवला.

आता आपल्या उसाकडं बघा. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानं आपल्या अहवालात लिहिलं की, महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे, पण सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो. मी उसाच्या विरोधात भाषण करत नाही. ऊसतोड कामगाराचं आणि साखर कामगाराचं पोट त्यावर आहे. पण पाटानं पाणी देण्याऐवजी ठिबकनं द्या, हे तरी सांगायला हवं. बारामतीत आज जगातलं ज्ञान आलेलं आहे. भाजीपाल्यासाठी हॉलंडच्या सहकार्यानं केंद्र झालं. माळेगावला २००९ साली दुष्काळ आणि उष्णतेचा ताण सोसणाऱ्या शेतीचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आली. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या मदतीनं संगणकाच्या बुद्धीवर ऊस पिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. चांगलं आहे. पण आपल्या वस्तीतली किती पोरं त्या संस्थांच्या फाटकातून आत गेली? दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना तिथलं प्रशिक्षण मिळावं, ठिबक दुरुस्तीचं, माती तपासणीचं काम हाती यावं, यासाठी आपण अर्ज केले पाहिजेत. ज्ञान दारात आलं आणि आपण उंबऱ्याच्या आतच बसलो, असं व्हायला नको.

थोडं जगाकडं बघू. हवेत धूर सोडला तो मुख्यतः श्रीमंत देशांनी, शंभर-दीडशे वर्षं. उन्हाळा वाढला, पाऊस बेभरवशाचा झाला, तो भोगतो मात्र उन्हात खपणारा मजूर. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनला शब्द दिला की, २०२० पर्यंत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करून देऊ. त्यांच्याच हिशेबानं तो शब्द २०२२ साली पुरा झाला, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. २०२४ साली बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचा आकडा ठरला. आणि २०२५ साली अमेरिकेनं आपली यू. एस. एड ही मदतसंस्थाच बंद केली. एका सरकारचं मन फिरलं आणि देशोदेशींचे दवाखाने अडचणीत आले.

म्हणून मी म्हणतो, मदत आणि हक्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, हक्क आपल्या मर्जीवर. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला की, स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क आहे. १२२ देशांनी बाजूनं मत दिलं, त्यात भारतही होता. जगानं हे २०१० साली मान्य केलं. आपल्या बापानं ते २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर ओंजळ भरून सांगितलं होतं. जग आपल्यामागून ८३ वर्षांनी आलं!

२०१५ साली सर्व १९३ सदस्य देशांनी मिळून २०३० पर्यंतची १७ उद्दिष्टं ठरवली. गरिबी नको, भूक नको, पाणी सर्वांना, विषमता कमी. आणि वचन दिलं की, कुणालाही मागं ठेवायचं नाही. हा कागद न्यूयॉर्कला राहिला असं समजू नका. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं त्या १७ उद्दिष्टांच्या नऊ संकल्पना करून त्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घातल्या आहेत. त्यात ‘जलसमृद्ध गाव’ आहे, ‘गरिबीमुक्त गाव’ आहे, ‘महिलास्नेही गाव’ आहे. म्हणजे न्यूयॉर्कचा ठराव आता ग्रामसभेच्या सतरंजीवर येऊन बसलेला आहे. आपण तिथं बसतो का?

शेवटी काही कामं सुचवतो.

पहिलं, ग्रामसभा चुकवायची नाही. बायकांनी तर मुळीच नाही, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर आहे. आराखडा मागायचा, वाचायचा, आपल्या वस्तीचं काम त्यात लिहून घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करावा लागतो. तो कुठं गेला, हे लेखी विचारायचं. भांडण करायचं नाही, कागद मागायचा.

दुसरं, पाणलोटाचं कुठलंही काम निघालं तर चार गोष्टींचा आग्रह धरायचा. समितीत भूमिहीन आणि बाया असाव्यात. मजुरीवर पहिला हक्क गावच्या गरिबाचा असावा. बंद केलेल्या रानातलं गवत कापून न्यायचा हक्क शेळीवाल्या बाईला असावा. आणि तलावातल्या मासळीचा ठेका भूमिहीनांच्या गटाला मिळावा.

तिसरं, या विहारापासून सुरुवात करू. समजा एक हजार चौरस फुटांचं छप्पर आहे आणि वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर सुमारे ४६ हजार लिटर पाणी पडतं. गळती-सांडणं सोडलं तरी ३५ हजार लिटर धरता येईल. एक पन्हळ, एक नळी, एक गाळणी आणि एक टाकी, एवढाच मामला. ते पाणी बोअरमध्ये सोडलं तरी चालेल. पैसा वर्गणीतून, श्रम आपले.

चौथं, तरुणांनी एक वही घालावी. दर महिन्याच्या एक तारखेला वस्तीजवळच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते लिहायचं. दोन वर्षं असं केलं तर आपल्या हातात पुरावा येईल. मग साहेब आला, परदेशी पाहुणा आला, तरी आपण हात जोडून उभे राहणार नाही. वही उघडून बसू.

बंधू-भगिनींनो, जग आपल्याला मदत करील, करावी, आणि घेण्यात लाज नाही. पण वाटणीच्या वेळी आपण जागे नसलो तर जर्मनीचा पैसा, जपानचं कर्ज, हॉलंडचं ज्ञान सगळं येईल आणि आपल्या वस्तीवरून वाहून जाईल, उतारावरच्या पावसासारखं. ते अडवायचं आणि मुरवायचं काम आपलं आहे. ‘अत्त दीप भव’ आपण रोज म्हणतो. त्याचा पाण्याच्या बाबतीतला अर्थ मला तरी हाच दिसतो.



जयभीम! नमो बुद्धाय!